मुलांना घरी शंभरदा सांगितलेलं शेवटी डोक्यात शिरतं कधी?

ताई, तुमची मुलगी अकरा वर्षांची. दात घासताना नळ उघडा टाकते, शाळेचा डबा दप्तरातून काढत नाही, आणि हेच क्लासच्या मॅडमनी एकदा सांगितलं की मुकाट ऐकते. आपण घसा कोरडा करतो ते पालथ्या घड्यावर पाणी का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते शिरलेलं असतं, फक्त हातापर्यंत उतरत नाही. खात्री करायची असेल तर तिला धाकट्या भावंडावर लक्ष ठेवायला सांगा आणि स्वयंपाकघरातून ऐका. तुमचीच वाक्यं, तुमच्याच सुरात ऐकू येतील. मॅडमचं म्हणाल तर मॅडमसमोर तिला अब्रू राखायची असते. आईला नाही म्हटलं तरी रात्री वरणभात मिळणारच, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

आम्ही भांडुपला राहतो. पालिकेचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र इथेच, त्यामुळे पाणी म्हणजे घरात येणारच, असा माझ्या मुलाचा समज. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. २०२४ च्या मे महिन्यात तो मामाकडे गेला. तिथे उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि मग पोहऱ्याने उपसायचं. मामीने त्याच्या हातात कळशी दिली. घरी पोचेपर्यंत अर्धं पाणी त्याच्या चड्डीवर. मामी काही बोलली नाही, परत पाठवला. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं याच तालुक्यात, मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं, आणि तरी गावाला टँकर, हे त्याला काही केल्या पटेना. ‘धरण इथे मग पाणी कुठे?’ मामा म्हणाला, ‘तुमच्याकडे, बाळा.’

लगेच पुढे धरणांतला साठा खालावला म्हणून मुंबईत ३० मेपासून ५ टक्के, ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागली. त्याच दिवसांत एकदा ह्यांची दाढी चालली होती, नळ धो धो चालू. चिरंजीव दारात उभे राहून म्हणाले, ‘बाबा, पाणी काय तुमच्या वडिलांचं आहे का?’ वाक्य माझं होतं, मी इतकी वर्षं त्याला ऐकवलेलं, फक्त त्याने ते आदरार्थी करून घेतलं. ‘बघ, मी सांगत नव्हते का’ हे मात्र मी जिभेवर येऊनही गिळलं. ते म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी नळ पुन्हा चालू, याची मला खात्री आहे. (ओला टॉवेल अजून पलंगावरच असतो. त्याला अजून मामी भेटलेली नाही.)

पण सगळंच अनुभवाने शिकू द्यायचं, असं नाही हं. लोकलच्या बाबतीत मी रोज तेच तेच बोलते आणि बोलत राहणार. रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावरूनच जायचं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही. दारात लटकायचं नाही. रूळ ओलांडणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हेही सांगून झालंय. तिथे अनुभव घ्यायला दुसरी संधी मिळेलच असं नाही. कंटाळला तर कंटाळू दे.

तुमच्याकडे नळ आणि डबा, दोन्ही एकदम धरू नका. डब्यापासून सुरू करा. संध्याकाळी काढला नाही तर सकाळी तो तिनेच घासायचा, एवढं एकदा सांगा आणि गप्प बसा. आंबलेल्या भाजीचा वास आला की तोंड वाकडं करेल, एखाद दिवस शाळेची बसही चुकेल. घरात आजी असतील तर त्यांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्या पहाटेच गुपचूप घासून ठेवतील.