यवतेश्वरचा उतार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या सपाट रस्त्यावर हाफ मॅरेथॉनची वेळ 1 तास 58 मिनिटं आली, म्हणून सातारा हिल हाफ मॅरेथॉनही दोन तासांच्या आत, असं तू ठरवून मोकळी झालीस. फोनवर मी नुसतं "बघू" म्हटलं. ते "बघू" आता सविस्तर लिहिते. बाईंना फळाभर लिहिल्याशिवाय चैन पडत नाही हे तुला नववीपासून ठाऊक आहे.

आधी गणित. 21.1 किलोमीटर दोन तासांत म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद. हा आकडा तू घड्याळात घालून ठेवला असशील. काढून टाक. शहर संपून समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, आणि तिथं या आकड्याशी इमान राखायला गेलीस तर छाती फुटायची वेळ येईल. घाटात घड्याळाकडं बघायचंच नाही, श्वासाकडं बघायचं. शेजारच्या बाईशी एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागली तर चालायला लाग. हो, चालायला. दोनशे पावलं पळ, पन्नास चाल, काहीही कर. घाटात चालणारी बाई पळणाऱ्या बाप्यांना मागं टाकते हे मी दर वर्षी बघते, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा आनंद घेते.

पण मी हे पत्र चढासाठी लिहीत नाहीये. चढाची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळं त्याची तयारीही सगळे करतात. मला बोलायचंय ते परतीच्या वाटेबद्दल. गेलेल्या रस्त्यानंच परत यायचं असतं, म्हणजे जेवढं चढलीस तेवढं उतरायचं.

माझी पहिली खेप. वय 47, शाळेतून आल्यावर मैदानाला चकरा मारून केलेली तयारी. घाट मी न थांबता चढले. वर धुकं होतं, पावसाची भुरभुर होती, ढोलाचा आवाज यायचा पण वाजवणारी पोरं दिसत नव्हती. वळसा घेतला तेव्हा वाटलं, झालं, आता काय, घसरगुंडीच आहे. आणि मी हात सोडून पळत सुटले. लांब टांगा, टाच आधी टेकतेय, खाली सातारा दिसतोय, समोर अजिंक्यतारा. मागं टाकलेली माणसं मी मोजत होते. चौतीस झाली होती.

घाट संपला, रस्ता सपाट झाला आणि मांड्यांनी संप पुकारला. गोळा आला असता तर चोळून काढता आला असता. हे वेगळंच होतं. पाय उचलावा तर तो माझा नाहीच. ती चौतीस माणसं एकेक करून पुढं गेली, त्यात एक आजोबा होते, त्यांनी जाताना "चला बाई, आलंच आता" म्हणून धीरही दिला. शेवटचे तीन किलोमीटर मी चालले. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना उलटा उतरले, कठडा धरून, पाठमोरी. अख्खी आठवी ब खाली उभी राहून बघत होती.

असं का होतं ते शिकवायची संधी सोडणार नाही. चढावर स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो, म्हणजे ताणला जात असतानाच वजन पेलतो. त्यानं तंतूंना बारीक बारीक इजा होते. दम लागत नाही म्हणून त्या वेळी काही कळत नाही. ताकद मात्र तिथंच कमी होते, आणि खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं. सुदैवानं स्नायूची स्मरणशक्ती तुमच्या वर्गापेक्षा बरी आहे. एकदा बेतानं उतार पळालीस की पुढचे काही आठवडे तोच उतार त्याला कमी इजा करतो. म्हणून तुझ्या तयारीत तू फक्त टेकडी चढायचे रिपीट्स, म्हणजे तोच चढ पुन्हा पुन्हा पळत चढायच्या फेऱ्या, लिहिलेस आणि उतरताना 'चालत, विश्रांती' लिहिलंस, ते मी लाल शाईनं खोडते. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एक रविवार साताऱ्याला ये. घाट रिक्षानं चढू आणि पळत उतरू. लोक हसतील. हसू देत.

उतरताना पावलं छोटी आणि भरभर. पाय अंगाच्या पुढं फेकायचा नाही, कमरेखाली पडला पाहिजे. गुडघा किंचित वाकलेला. अंग मागं टाकून ब्रेक मारत राहिलीस तर मांड्या लवकर जातात, आणि फार झुकलीस तर ओल्या डांबरावर दात. मधलं काय ते त्या रविवारी पायालाच कळेल.

बाकीचं भराभर सांगते. पायाची नखं दोन दिवस आधी काप, नाहीतर उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. ओल्या कपड्यानं जिथं जिथं काचेल तिथं व्हॅसलिन, लाजायचं नाही. नवे बूट त्या दिवशी घातलेस तर माझी विद्यार्थिनी म्हणून सांगू नकोस. थंड हवेत तहान कळत नाही हे खरं, पण म्हणून प्रत्येक टेबलावर पोटभर साधं पाणी ढोसायचं नाही. रक्तातलं मीठ पातळ होणं हे पाणी कमी पडण्याइतकंच वाईट. दोन-दोन घोट, मधून इलेक्ट्रॉल. आदल्या रात्री घरचा भात-वरण, कुणी कितीही आग्रह केला तरी तांबडा रस्सा नाही.

आणि घरी "कितवी आलीस?" विचारतील त्याची तयारी ठेव. ललिता बाबर आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची. 2016 ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोहोचली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय बाई दिसली आणि ती दहावी आली. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "दहावीच का?" ते सर बसस्टँडपासून शाळेपर्यंत रिक्षानं येत. तेव्हा तुझ्या काकांना काय उत्तर द्यायचं ते तूच ठरव.

तुझ्या वेळेचा माझा अंदाज सव्वादोन तासांचा आहे. राग आला असेल. येऊ दे, पण तो परतीच्या समर्थ मंदिरापर्यंत जपून ठेव. तिथं मांड्या शाबूत असतील तर मग मला खोटं पाडायला तुला मोकळं रान आहे. मी तिथंच डाव्या हाताला छत्री घेऊन उभी असेन. थांबून पाया वगैरे पडू नकोस, पुढं पळ.

सोमवारची रजा आजच टाक. आणि संध्याकाळी घरी येशील तेव्हा वर येऊ नकोस, मीच कंदी पेढे घेऊन खाली येईन. आमच्या जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या आहेत.

तुझी,
बाई