पत्र्यावर चढण्याआधी

पहिलंच शेडचं काम घेतलंयस ना? मग दर सांगण्याआधी शिडीवरून छत नीट बघून ये. सिमेंटचा जुना पत्रा दणकट दिसतो, पण माणसाचं वजन पेलेल याचा भरवसा नाही. उजेडासाठी बसवलेला फायबरचा पत्रा तर धुळीने इतका काळवंडतो की ओळखूच येत नाही. माझा एक कामगार तिथूनच खाली गेला. वाचला, पण कंबर गेली. बोल्टच्या रांगेवरून चाललं की झालं, असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. फळ्या टाक, खाली जाळी बांध. हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्यांचा, हूक लाइफलाइनलाच, म्हणजे पक्क्या बांधलेल्या सुरक्षा दोरालाच. हार्नेसची शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाली (पडताना झटका शोषणारी) दोन मीटरची दोरी पूर्ण उलगडायला खाली साधारण 6 मीटर मोकळे लागतात, बुटक्या शेडला ती आखूडच हवी. लटकलेल्याला लगेच खाली कसं घ्यायचं, तेही आधी ठरव. हा सगळा खर्च कोटेशनमध्येच धर.