वाचक विचारतात: घरातलं गुपित, मालिकेतलं आणि खरं

*रहस्यकथा आणि नातेसंबंध या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.*

प्रश्न : मालिकांमध्ये रक्तगट जुळला नाही की वडील वेगळे निघतात. लग्नाआधीच्या तपासणीत माझा गट बी पॉझिटिव्ह आला. आई आणि बाबा दोघंही ओ पॉझिटिव्ह. घरात अजून कुणाला बोललेलो नाही. काय समजायचं? (वय २८, सातारा)

अजून काहीच समजू नका. आई-बाबांचे गट तुम्ही कुठे वाचलेत, ते आधी बघा. लायसन्सवरचा किंवा ऑफिसच्या ओळखपत्रावरचा गट बहुतेक वेळा फॉर्म भरताना सांगितलेला असतो, तपासलेला नसतो. तिघांचीही तपासणी रक्तपेढीत नव्याने करून घ्या. कारण विचारलं तर ‘लग्नाआधी सगळ्यांचं एकदा करून टाकू’ एवढं पुरतं. तिथे सेल ग्रुपिंग (रक्तपेशींवरून गट) आणि सीरम ग्रुपिंग (पेशी वगळून उरणाऱ्या द्रवावरून गट) दोन्ही करायला सांगा. शिबिरात काचपट्टीवर होते ती झटपट चाचणी यासाठी पुरेशी नाही.

तरीही उत्तर तेच आलं, तर मालिकावाल्यांना सहसा न सुचणारी एक शक्यता उरते : बॉम्बे रक्तगट. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. ए आणि बी हे दोन्ही घटक ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. हा पायाच नसेल, तर बीचं जनुक असूनही ते रक्तात दिसत नाही आणि साधी चाचणी ‘ओ’ सांगते. जनुक मात्र मुलाकडे जातं. दुसऱ्या पालकाकडून ‘एच’ मिळाला की मुलाचा गट सरळ बी दिसतो. म्हणजे आई खरी, बाबा खरे आणि कागदही खरा. अशा व्यक्तीचं सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करतं, म्हणून सीरम ग्रुपिंगमध्ये ओ पेशी वापरल्यात का आणि अँटी-एच चाचणी (पेशींवर ‘एच’ आहे का, हे पाहणारी) केली का, हे विचारा. हा गट दुर्मीळ आहे, पण निघाला तर कुटुंबाच्या इभ्रतीआधी जिवाचा विचार करावा लागेल. या माणसाला नेहमीचं ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. तसं कार्ड पाकिटात कायम हवं.

तेही नसेल, तर दत्तक, दात्याचे शुक्राणू किंवा स्त्रीबीज, इस्पितळातली अदलाबदल, दुसरा पिता अशा अनेक शक्यता उरतात. यातली कुठली खरी, हे रक्तगट सांगू शकत नाही. बाबांच्या कंगव्यातले केस गुपचूप प्रयोगशाळेत धाडू नका. संमतीविना केलेल्या अशा चाचणीचा कोर्टात भरवसा नाही. मुलाची डीएनए चाचणी सरसकट करायला सांगू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या पतीचंच, हे कायद्याचं गृहीतक आहे (आता भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ११६) आणि ते सहज मोडत नाही.

विचारायचंच असेल तर आईला विचारा. एकटीला, आणि घरात पाहुणे नसताना. ‘माझा बाप कोण?’ हा सवाल मालिकेसाठी राहू द्या. ‘माझ्या जन्माबद्दल मला माहीत नसलेलं काही आहे का? डॉक्टरांना सांगायला लागेल म्हणून विचारतोय,’ असं म्हणा. ती ‘नाही’ म्हणाली तर त्या दिवशी विषय तिथेच थांबवा. अनेक वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट पहिल्या विचारण्यात क्वचितच बाहेर येते.

प्रश्न : महाविद्यालयीन स्पर्धेसाठी रहस्यमय एकांकिका लिहितोय. बहिणीला भावाच्या नजरेवरून खोटं कळतं आणि शेवटी नार्को चाचणीत सगळं बाहेर पडतं. पटेल का? (पुणे)

दोन्ही जागी अडाल. चेहरा आणि बोलणं यांवरून खोटं ओळखण्याच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ मध्ये निघाला. त्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं असतं तरी ५० झाले असते. पडद्यावर नजर कळते ती कॅमेरा तिथे नेऊन ठेवतो म्हणून. आणि संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केलं आहे.

त्याऐवजी गुपिताची देखभाल दाखवा. खऱ्या घरात खोटं एकदा बोलून भागत नाही. अल्बममधला एक फोटो काढून टाकायचा, मामांना लग्नपत्रिका जाऊ द्यायची नाही, ठरावीक गावाचं नाव निघालं की चहा ठेवायला उठायचं. बहिणीला संशय यायला हवा तो या उठण्याचा. शिवाय गुपित माहीत असलेलं तिसरं माणूस घ्याच. ते गप्प का बसतं, यातच खरं नाट्य आहे.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. पाच महिन्यांची असताना संस्थेतून दत्तक घेतली. तिला सांगितलेलं नाही, पण सासूबाई, नणंद आणि जुने शेजारी यांना माहीत आहे. अठरा पूर्ण झाल्यावर सांगावं का? (नाशिक)

नाही, या महिन्यात सांगा. एवढ्या जणांना माहीत असलेली गोष्ट अजून नऊ वर्षं टिकत नाही. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता येते. अठरा पूर्ण झाल्यावर दत्तक नियमांनुसार तिला स्वतःच्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतंत्र अर्जही करता येतो. कागद आहेतच, ते तिला कुणाकडून कळायचे एवढंच तुमच्या हातात आहे.

आधी, माहीत असलेल्यांची यादी करा आणि प्रत्येकाला सांगा : आम्ही अमुक आठवड्यात बोलणार आहोत, तोवर आणि नंतरही तुम्ही स्वतःहून काही बोलू नका. वाढदिवस, परीक्षा आणि भांडणानंतरचा दिवस टाळा. सुट्टीची सकाळ बरी. दोघांनी मिळून दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. ‘तू दुसऱ्या आईच्या पोटी जन्मलीस. तिला तुला वाढवणं शक्य नव्हतं. पाच महिन्यांची असताना तू आमच्याकडे आलीस आणि तेव्हापासून आम्ही तुझे आई-बाबा.’ घरी आणलं त्या दिवशीचा फोटो हाताशी ठेवा. ‘टाकून दिलं’ हा शब्द नको. ‘आम्ही तुला निवडलं’ हेसुद्धा नको. गोड वाटतं, पण निवडलेलं परतही करता येतं असं मूल मनातल्या मनात जोडतं. आधी का सांगितलं नाही, असं तिने विचारलं तर ‘आम्ही घाबरलो होतो’ हे खरं उत्तर द्या.

पहिल्या दिवशी ती ‘बरं’ म्हणून खेळायला जाईल. प्रश्न नंतर येतात, स्कूटरवर मागे बसून नाहीतर झोपताना. दरवेळी तेच उत्तर द्या, नवा तपशील रचू नका. झोप, जेवण किंवा शाळा दोन आठवड्यांनंतरही बिघडलेली दिसली तर बालसमुपदेशकाकडे जा. दत्तक दिलेल्या संस्थेकडेही विचारा.

प्रश्न : नवऱ्याच्या मोबाइलवर कर्जाच्या ॲपचा थकबाकीचा मेसेज दिसला. ‘चुकून आला,’ म्हणाले. विश्वास ठेवू का? (ठाणे)

ठेवायचा की नाही, हे ठरवण्याआधी कागद मागा. देशात चार क्रेडिट ब्युरो (प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) आहेत : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येणार, तेव्हा अहवाल त्यांनीच काढायला हवा. त्यात तीन जागा पाहा : चालू खात्यांची यादी, हप्ता किती दिवस थकला ते दाखवणारा डीपीडी रकाना आणि शेवटी ‘एन्क्वायरी’. या शेवटच्या यादीत गेल्या काही महिन्यांत कुणाकुणाकडे कर्ज मागितलं ते दिसतं. तुमचा स्वतःचाही अहवाल काढा. कुठे सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमचं नाव लागलंय का, ते कळेल. तुमची सही नसेल तर त्यांचं वैयक्तिक कर्ज फेडायची जबाबदारी सहसा तुमच्यावर येत नाही.

अहवालात हातउसने, सावकार, भिशी आणि सराफाकडे ठेवलेलं सोनं दिसत नाही. म्हणून लॉकर दोघांनी मिळून उघडा. फ्लॅटचा सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयातला उतारा) आणि गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना बघा, बोजा चढवला असेल तर तिथे सापडेल.

अशा घरांत नेहमी एकच गोष्ट बिघडते : आकडा हप्त्याहप्त्याने बाहेर येतो. आधी दोन लाख, पंधरा दिवसांनी पाच, दिवाळीत नऊ. बायको पहिल्या आकड्यावर सावरते, तिसऱ्यावर मोडते. म्हणून त्यांना एक आठवडा द्या. कुणाचे किती, हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावं. आधीच स्पष्ट सांगा, ‘या कागदावर जे असेल त्यावर मी आरडाओरडा करणार नाही. कागदावर नसलेलं नंतर सापडलं, तर गोष्ट वेगळी.’ मग यादी अहवालाशी आणि सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटशी ताडून पाहा. यूपीआयच्या छोट्या रकमा रोज एकाच ठिकाणी जात असतील तर ऑनलाइन जुगाराची शंका घ्या. तसं असेल तर कर्ज फेडून भागणार नाही, उपचार लागतील.

सगळी कर्जं एकत्र करण्यासाठी नव्या टॉप-अप कर्जावर या आठवड्यात सही करू नका आणि दागिने देऊ नका. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर वेळेसकट नोंद ठेवा. आणि ‘माझ्यामागे तुम्ही सुटाल’ असं काही नवरा बोलला तर हिशेब बाजूला ठेवून त्याच रात्री टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.