हजेरीपटावरचं नाव

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

किर्गिझस्तानात, बिश्केकला पुन्हा निघालीस, आणि या खेपेला शिकायला नव्हे, अमली पदार्थांची मागणी कशी कमी करायची ते शिकवायला, हे वाचून फार बरं वाटलं. एमबीबीएस करताना तुझी रशियन पक्की झालीच आहे. त्यातला एक शब्द आता नव्याने समजून घे: 'उचोत', म्हणजे नोंद.

सोव्हिएत काळात, १९७०च्या दशकात, नार्कोलॉजी ही व्यसनांवरच्या उपचारांची वेगळी वैद्यकीय शाखा उभी राहिली. व्यसनी माणसाचं नाव तिथल्या वहीत एकदा चढलं की वर्षानुवर्षं उतरत नसे. गाडीचा परवाना जाई, नोकरीवर गदा येई. शेजारच्या कझाकस्तानात तर १९६४मध्येच पहिलं 'एलटीपी', म्हणजे व्यसनींना सक्तीने ठेवण्याचं केंद्र, निघालं होतं. म्हणायला उपचार आणि श्रम. प्रत्यक्षात पोलिसांच्या ताब्यातली कोंडी. १९९१मध्ये सोव्हिएत संघ गेला, वहीची धास्ती राहिली. पुढे अफगाणिस्तानातलं हेरॉइन किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या वाटेने आलं, तेव्हा सुई घेणारी पोरं दवाखान्याकडे फिरकेनात, त्यामागे हीच धास्ती होती.

तुझ्या वर्गात नार्कोलॉजिस्ट असतील, शिक्षिका असतील, एखादा पोलीस अधिकारीही असेल. मागणी कमी करायची म्हणजे शाळेत कवटीची चित्रं लावायची, असं पुष्कळांना वाटतं. पहिल्या दिवशी स्लाइड दाखवू नकोस. जोड्या कर, एकाने बोलायचं, दुसऱ्याने दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. दुसऱ्याच मिनिटाला सल्ले सुरू होतील. तू रागावू नकोस. बोलणाऱ्यालाच विचार, मधेच तोडल्यावर काय वाटलं.

ज्येष्ठ डॉक्टरांना जुनाट समजू नकोस. मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं औषध, रशियात आजही बंद आहे; किर्गिझस्तानने ते २००२मध्ये उपचारात आणलं, २००८मध्ये तुरुंगातही नेलं. तिथल्याच लोकांनी ते पेललं. त्यांना नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मार. आपल्यालाही ही रीत परकी नाही.

निघण्यापूर्वी पुण्यात मुक्तांगणला जाऊन ये. व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथे दुसऱ्यांना हात देतात, ते डोळ्यांनी बघ. तिकडेही असा एखादा माणूस सहप्रशिक्षक म्हणून घे. मानधन त्याला इतरांइतकंच दे. आणि हजेरीपटावर त्याचं पूर्ण नाव लिहिण्याआधी त्याला विचार.

तुझा,
सर