सायकलचे हेल्मेट : कायदा आणि निवड

प्रश्न : माझी मुलगी सायकलने शाळेत जाते. तिला हेल्मेट सक्तीचे आहे का? घेताना काय पाहावे?

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मधील हेल्मेटसक्ती मोटारसायकलसारख्या वाहनांसाठी आहे, पायडलच्या सायकलला ती लागू नाही. तरीही मुलीला हेल्मेटशिवाय पाठवू नका, ही कळकळीची विनंती. त्यावर ‘ईएन १०७८’ या युरोपीय मानकाची खूण पाहावी. कपड्यांसारखे ‘वाढत्या अंगाचे’ हेल्मेट मात्र मुळीच घेऊ नये. भुवयांच्या वर दोन बोटे अंतर ठेवून ते सरळ बसावे, हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम बोट शिरावे आणि मान हलवल्यावर ते घसरू नये. आतला फोम आघात झेलताना स्वतः चेपतो, म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे.