केंद्राकडून पायाभूत सुविधांसाठी येणारा पैसा राज्य सरकार नेमका कसा वापरतं? की मधले अधिकारी आणि ठेकेदारच वाटून घेतात?

ग्रामीण पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता म्हणून तीस वर्षं काढली, सगळी मराठवाड्यात. त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग जिव्हारी लागला. खाणारे असतात, नाही म्हणत नाही. पण टाकी उभी राहूनही गाव तहानलेलं राहतं त्याचं मी पाहिलेलं पहिलं कारण ते नाही. पहिलं कारण तारीख.

आधी तुम्ही विचारलेलं थोडक्यात. केंद्राचा पैसा एका वाटेने येत नाही. करांतला वाटा (पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना मिळून ४१ टक्के ठरवला) राज्य आपल्या मर्जीने खर्च करतं. वित्त आयोगाचं अनुदान खाली पंचायतींकडे जातं. २०२१ नंतर त्यातलं ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेलं होतं. २०२०-२१ पासून भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांचं बिनव्याजी कर्जही मिळू लागलं. आणि चौथी वाट केंद्र पुरस्कृत योजनांची. मला आतून माहीत आहे ती एकच, जलजीवन मिशन.

१५ ऑगस्ट २०१९ ला ती जाहीर झाली. प्रत्येक ग्रामीण घराला नळ, माणशी रोज ५५ लिटर, मुदत २०२४. महाराष्ट्राला निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. केंद्राचा हप्ता आला की राज्याने आपला हिस्सा घालायचा, खर्च करायचा, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला) पाठवायचं, मग पुढचा हप्ता. मागचा खर्च दिसला नाही की पुढचा अडला. आता पटकन काय खर्च होतं? पाइप. चर खणा, पाइप टाका, मोजा, बिल काढा. टाकीचंही तेच. उद्भवाचं, म्हणजे पाणी जिथून उचलायचं त्या विहिरीचं किंवा बोअरचं, तसं नाही. विहिरीत पाणी टिकतं का हे बघायला उन्हाळा यावा लागतो, आणि उन्हाळा मार्चएंडनंतर येतो.

माझ्या शाखेत माझी सासुरवाडी होती. अठराशे लोकवस्ती, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख लिटर पाणी हवं. सरपंच माझा सख्खा मेव्हणा. गावाने विहिरीची जागा दाखवली, ओढ्याच्या कडेला, काळ्या खडकात. क्षमता चाचणी घेतली डिसेंबरात. विहीर उपसली, रात्रीत भरली. सगळे खूश. मी फाइलवर टीप लिहिली: मे महिन्यात पुन्हा चाचणी घेऊनच उद्भव कायम करावा.

त्या टिपेवरून घरात आणि कचेरीत एकदमच पेटलं. मेव्हणा रात्री घरी आला. म्हणाला, "दाजी, शेजारच्या गावाची निविदा निघाली. तुम्ही मेची वाट बघा, पैसा आमच्यासाठी थांबणार आहे का?" वरिष्ठांनीही हेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत: हे गाव या वर्षीच्या आराखड्यातून गळेल, टीप काढा. मी काढली. पान बदललं आणि सही केली. ही चूक माझी आहे, कुणावर ढकलत नाही.

पुढे काम झालं, आणि चांगलं झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रश्नात ठेकेदार सरसकट चोर धरलाय. चराची खोली मी स्वतः टेप लावून मोजली, टाकी पाणी भरून तपासली. ठेकेदार तरुण पोरगा होता, त्याने कुठे काटकसर केली नाही. नळाला पाणी आलं, ग्रामसभेने ठराव केला, गाव 'हर घर जल' झालं. माझ्या मोजमाप पुस्तकात एकही खोटा आकडा नाही. फक्त पाणी किती दिवस पुरेल याला त्या पुस्तकात रकाना नाही.

२०२३ ला मराठवाड्यात पाऊस कमी झाला. पुढच्या फेब्रुवारीत त्या विहिरीवरची मोटार दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं चालायची. एप्रिलमध्ये गावात टँकर. आम्ही लग्नाला गेलो होतो, तर मेव्हण्याची बायको नव्या कोऱ्या नळाच्या ओट्यावर रिकाम्या घागरी मांडून टँकरची वाट बघत बसली होती. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. ते अजून बोचतं.

मेव्हणा आजही म्हणतो, पाऊसच नाही पडला, योजना काय करणार? हे मला कधीच पटलेलं नाही. पाऊस पडतो त्या वर्षी आड, बोअर, हातपंप सगळ्यालाच पाणी असतं. त्या वर्षासाठी योजना कशाला हवी? योजना करायची ती न पडणाऱ्या वर्षासाठी. अडीच किलोमीटरवर पाझर तलाव आहे, त्याच्या खालच्या अंगाला विहीर घेतली असती तर खर्च वाढला असता, पण पाणी पुरलं असतं. त्याचं सुधारित अंदाजपत्रक नंतर गेलं. तोवर वरूनच पैसा आटला. २०२४-२५ ला केंद्राने मिशनसाठी ७०,१६३ कोटी धरले होते, सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. मुदत २०२८ पर्यंत वाढवली, पण ठेकेदार पोरांची बिलं थकली ती थकलीच. तो ठेकेदार अजून फोन करतो.

उद्भव टिकवायला मिशनमध्ये काही नव्हतं असं नाही. जलसंधारण मनरेगा आणि वित्त आयोगाच्या पैशातून जोडून घ्यायचं होतं. म्हणजे पाइप एका खात्याचा आणि पाणी दुसऱ्याचं. मला ही रचनाच चुकीची वाटते.

हे सगळं माझ्या भागाचं. धरणावरून पाणी घेणाऱ्या योजनांची गोष्ट वेगळी, आणि माझ्याच बरोबरीच्या काहींनी मेची चाचणी हट्टाने घेतली, त्यांची गावं आज बरी आहेत. पैसे खाल्लेलं कामही मी बघितलंय, नाही असं नाही.

तुमच्या गावात काम चालू असेल तर टाकीच्या रंगाचे फोटो काढत बसू नका. ग्रामसभेत उद्भवाचा दाखला मागा आणि चाचणीची तारीख वाचा. ऑगस्ट ते जानेवारीतली असेल तर ठरावाला हात वर करू नका, मग सरपंच तुमचा मेव्हणा असला तरी.

माझा मेव्हणा हे वाचेल, भाचा त्याला दाखवेल. त्याला इथेच सांगतो: चाचणी डिसेंबरातच घ्यावी असा ठराव तुझ्या ग्रामपंचायतीचा होता, त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. पान मी बदललं, ते मी कबूल केलं. आता तुझ्या ठरावाचं तू बोल.