मेटाशेपमध्ये कंट्रोल पॉइंटची अ‍ॅक्युरसी किती टाकायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६० हेक्टर डोंगरउतारावर फँटम ४ प्रो ड्रोन १०० मीटरवरून उडवला, जमिनीवर खूण केलेले १० कंट्रोल पॉइंट आरटीकेने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) मोजले, मेटाशेपमध्ये (फोटोंवरून जमिनीचं मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) मार्करची, म्हणजे त्या पॉइंटची, अ‍ॅक्युरसी ०.००१ मीटर टाकली आणि एरर २ मिलिमीटर दिसली. काम चोख झालं का?

नाही. ‘हे पॉइंट मिलिमीटरपर्यंत खरे आहेत’ असं तुम्हीच सांगितलंत, सॉफ्टवेअरने मान डोलावली, एवढंच. या ड्रोनचा एक पिक्सेल १०० मीटरवरून जमिनीवर साधारण २.७ सेंटिमीटरचा पडतो. मार्करचा मध्य अर्ध्या पिक्सेलपर्यंत पकडला तरी १.४ सेंटिमीटर झाले. २ मिलिमीटर कुठून आणणार?

अ‍ॅक्युरसीच्या रकान्यात आपली इच्छा लिहायची नसते, मोजणीवर किती भरवसा आहे ते लिहायचं असतं. हिशेबात पॉइंटला मिळणारं वजन त्या आकड्याच्या वर्गाच्या उलट चालतं. म्हणजे ०.०२ च्या जागी ०.००१ टाकलं की त्या पॉइंटचं वजन ४०० पट होतं, आणि पॉइंट चुकलेला असेल तर मॉडेल वाकून त्याच्याकडे जातं.

हे मी ठेच लागून शिकलो. एका उतारावर गवत कमरेएवढं होतं, म्हणून आमच्या पोऱ्याने आरटीकेचा अँटेना बसवायचा पोल १.८० मीटरचा २.०० केला आणि कंट्रोलरमध्ये (मोजणी नोंदवायच्या हातातल्या यंत्रात) उंची बदलायची राहिली. तो पॉइंट २० सेंटिमीटर वर नोंदला गेला. मी ०.००१ टाकलेलं, त्यामुळे रिपोर्ट झकास. कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढले तेव्हा मात्र सपाट बांधावर टेंगूळ! अ‍ॅक्युरसी ०.०२ करून पुन्हा ऑप्टिमाइझ केलं (सॉफ्टवेअरला जुळणी नव्याने करायला लावली), तर बाकीचे पॉइंट जागेवर राहिले आणि चोर एकटा उघडा पडला.

आकडा ठरवताना रोव्हरच्या (पोलवरच्या आरटीके यंत्राच्या) माहितीपत्रकावर थांबू नका. तिथे आडवं ८ मिलिमीटर आणि उभं १५ मिलिमीटर असं काहीसं असतं (वर बेसपासूनच्या, म्हणजे एका जागी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रापासूनच्या, प्रत्येक किलोमीटरला आणखी १ मिलिमीटर), पण २ मीटरचा पोल अर्धा अंश कलला तरी टोक १७ मिलिमीटर सरकतं. शिवाय फक्कीने आखलेल्या फुलीचा मध्य प्रत्येकाचा वेगळा. मी सहसा ०.०२/०.०३ टाकतो, म्हणजे आडवं २ आणि उभं ३ सेंटिमीटर. फोटोवरच्या मार्करला ०.५ पिक्सेल राहू द्या. कॅमेऱ्यांना १० मीटरही चालेल, कारण या ड्रोनचं जीपीएस साधं आहे. पण कॅमेऱ्यांची उंची आणि पॉइंटची उंची एकाच पातळीवरून मोजलेली आहे ना, ते बघा. एक लंबगोलापासून (जीपीएस वापरतं तो पृथ्वीचा गणिती आकार) आणि दुसरी समुद्रसपाटीपासून असेल तर आपल्या भागात साठेक मीटरचा फरक पडतो. तसं असेल तर यादीत कॅमेऱ्यांच्या नावापुढची टिकची खूण पुसा, म्हणजे त्यांची जागा हिशेबात धरली जाणार नाही.

आता मुख्य गोष्ट. दहापैकी तीन पॉइंटची टिकची खूणही पुसा. ते चेक पॉइंट, म्हणजे जुळणीत न धरता फक्त तपासायला ठेवलेले. उरलेले सात कडेला, माथ्यावर, ओढ्यात आणि एखादा मधोमध हवेत. सगळे पायवाटेलगत घेतले असतील तर मधला भाग बशीसारखा खचू किंवा फुगू शकतो. ऑप्टिमाइझ करून फक्त त्या तिघांची एरर वाचा. तीन म्हणजे कमीच, अमेरिकेच्या एएसपीआरएस या फोटोवरून मोजणी करणाऱ्यांच्या संघटनेच्या २०१४ च्या मानकात निदान २० सांगितले होते. पण तुमच्या ५० सेंटिमीटरच्या कंटूरला ढोबळ चूक पकडायला पुरतील. त्यांची झेड (उंचीतली) एरर इथे टाका, आणि प्रत्येक पॉइंटला पोल किती उंचीवर होता तेही.